क्लच वाजतोय, पण कधी वाजतोय?



आज आपण क्वाड बाईकच्या क्लचबद्दल बोलणार आहोत. क्वाड म्हणजे एटीव्ही: चार जाड टायर, मोटारसायकलसारखं हँडल, अंगठ्याने द्यायची रेस, आणि चिखल, वाळू, बर्फ काहीही असो, चालणारी गाडी. हा विषय घ्या असं मला गेलं वर्षभर सांगणारे श्रोते साधारण तीन प्रकारचे आहेत. काही गोव्यात, लोणावळ्याला, मनालीला, कच्छच्या रणाजवळ पर्यटकांना क्वाडवर फिरवतात. काही इंजिनीअरिंगची मुलं आहेत, बाहा स्पर्धेसाठी स्वतःच्या हाताने गाडी बांधणारी. आणि काहींनी फार्महाऊसवर हौसेने क्वाड घेतली आहे, आता ती दुरुस्त कोण करणार हा प्रश्न आहे. ही गाडी एरवी रस्त्यावर दिसत नाही, त्यामुळे गावात तिचा मेकॅनिक नसतो. स्कूटरवाला म्हणतो ट्रॅक्टरवाल्याकडे न्या, ट्रॅक्टरवाला म्हणतो स्कूटरवाल्याकडे न्या.

मला येणारा निरोप बहुतेक वेळा एका ओळीचा असतो. "सर, क्लचमधून आवाज येतोय, काय बदलू?"

या ओळीवरून मला काहीच कळत नाही. आणि निरोप पाठवणाऱ्याने मनात अर्धा निर्णय घेतलेला असतो की क्लच बदलायचा. क्वाडचा अख्खा क्लच महाग असतो, बऱ्याचदा बाहेरून मागवावा लागतो, महिनाभर गाडी उभी राहते. आणि आवाज कधी पंधरा मिनिटांच्या सेटिंगचा असतो, कधी प्लास्टिकच्या एका बटणाचा, तर कधी तो क्लचचा नसतोच. हा पैशाचा भाग झाला. दुसरा भाग जास्त गंभीर आहे. यातला एक आवाज असा आहे की तो ऐकूनही गाडी डोंगरावर पाठवली, तर उतारावर गाडी धरून ठेवणारं इंजिन मध्येच हात सोडतं. गाडीवर बसलेल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा क्वाड हातात घेतलेली असते. त्या आवाजाकडे मी नंतर येतो, सावकाश.

आधी क्लच म्हणजे नक्की काय, ते बघू. कारण क्वाडमध्ये 'क्लच' या एका शब्दाखाली चार वेगळ्या वस्तू येतात.

सीव्हीटी समजायला सगळ्यात सोपी गाडी म्हणजे स्कूटर. पट्ट्यावर चालणारी ही कल्पना जुनी आहे. नेदरलँड्सच्या डॅफ कंपनीने १९५८ साली 'व्हेरिओमॅटिक' नावाने ती मोटारीत आणली. आपल्याकडे ती घराघरांत गेली १९८४ च्या कायनेटिक होंडामुळे. कंपनी पुण्याच्या फिरोदियांची, पण स्कूटर बनायची इथे, पीथमपूरला. मी इंदूरचा, त्यामुळे हे सांगताना मला जरा बरं वाटतं. आमच्याकडच्या कितीतरी मेकॅनिकांनी बेल्ट आणि पुली पहिल्यांदा पाहिली ती त्या गाडीत.

स्कूटरमध्ये पुढे एक पुली, मागे एक पुली, मध्ये रबरी बेल्ट. पुलीच्या दोन बशा जवळ आल्या की बेल्ट वर चढतो, लांब गेल्या की खाली उतरतो, आणि त्यातून गिअर आपोआप बदलल्यासारखा होतो. क्लच मात्र मागच्या पुलीवर बसलेला असतो, बेल्टच्या नंतर. म्हणजे स्कूटर सिग्नलला उभी असते, चाक थांबलेलं असतं, तेव्हाही बेल्ट फिरत असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडेल. पर्यटनाच्या ठिकाणी दिसणाऱ्या बऱ्याच छोट्या ऑटोमॅटिक क्वाड, दीडशे सीसीच्या आसपासच्या, याच स्कूटर पद्धतीच्या असतात.

मोठ्या क्वाडमध्ये प्रकार बदलतो. पोलॅरिससारख्या गाड्यांत पुढची पुली हाच क्लच. गाडी स्लोवर असताना पुढच्या पुलीच्या बशा स्प्रिंगने लांब ढकललेल्या असतात, मध्ये बेल्ट नुसता पडून असतो. रेस दिली की आतली वजनं बाहेर फेकली जातात, बशा जवळ येतात, बेल्ट पकडला जातो आणि गाडी निघते. इथे गाडी स्लोवर उभी असताना बेल्ट फिरत नाही.

तिसरा प्रकार यामाहा ग्रिझली, सुझुकी किंगक्वाड, अनेक सीएफमोटो यांच्यात दिसतो. इथे बेल्ट आहे, पण त्याच्या आधी, इंजिनाच्या बाजूला, तेलात बुडालेला वेगळा सेंट्रिफ्यूगल क्लच आहे. क्लच शू बाहेर फाकतात आणि भांड्यासारख्या ड्रमला पकडतात. बेल्ट या क्लचच्या नंतर येतो, म्हणून स्लोवर तोही थांबलेला.

चौथा प्रकार म्हणजे बेल्ट नसलेला. लहान मुलांच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या क्वाडमध्ये तेलातला साधा सेंट्रिफ्यूगल क्लच आणि मागे चेन. आणि यामाहा रॅप्टर ७०० सारख्या स्पोर्ट क्वाडमध्ये मोटारसायकलचाच, डाव्या हाताच्या लिव्हरचा, प्लेटांचा क्लच.

तर पहिलं काम हे, की आपली गाडी या चारांपैकी कोणती ते नक्की करायचं. मॅन्युअलमध्ये पाहा, नाहीतर पार्ट बुकमधलं चित्र पाहा. याला पाच मिनिटं लागतात आणि निम्म्या चुकीच्या शक्यता तिथेच गळून पडतात.

आता मूळ मुद्दा. आवाज शोधायचा म्हणजे कान तीक्ष्ण पाहिजे असं सगळ्यांना वाटतं. कान लागतोच. पण त्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: आवाज येतो त्या क्षणी गाडीत काय काय फिरतंय? जे फिरत नाही ते वाजत नाही. मोठ्या क्वाडमध्ये स्लोवर बेल्ट थांबलेला आहे हे माहीत असेल, तर न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीचा आवाज ऐकून कोणी बेल्ट बदलायला निघणार नाही. आणि रोज लोक नेमकं तेच करतात, कारण त्यांच्या डोक्यात स्कूटर असते.

म्हणून मी गाडी नेहमी एकाच क्रमाने ऐकतो. कव्हर उघडत नाही, पाना हातात घेत नाही. सपाट जागा, चाकांना पुढे-मागे दगड. आधी न्यूट्रलमध्ये स्लोवर. मग ब्रेक दाबून गिअरमध्ये, तरीही रेस नाही. मग गाडी निघतानाचा क्षण, तो वेगळा ऐकायचा, दोन-चारदा. मग एकसारख्या चालीत. मग चालत्या गाडीची रेस एकदम सोडून. आणि शेवटी, सुरक्षित असेल तरच, हलक्या उतारावर. आवाज कुठल्या दोन पायऱ्यांच्या मध्ये सुरू झाला किंवा बंद झाला, तिथे तुमचा दोष आहे. थंड गाडीवर एकदा आणि अर्धा तास चालवून गरम झाल्यावर पुन्हा एकदा.

आवाजाला नाव द्यायला विसरू नका. आपली भाषा या बाबतीत फार श्रीमंत आहे, पण वर्कशॉपमध्ये आपण सगळ्याला 'आवाज येतोय' म्हणून मोकळे होतो. खडखड म्हणजे धातूचं काहीतरी ढिलं आहे. खरखर म्हणजे बेअरिंग कोरडं पडलंय किंवा कुठे वाळू गेली आहे. किंचाळल्यासारखा आवाज म्हणजे दोन वस्तू पकडायच्या ऐवजी घसरतायत. धप-धप, ठरावीक अंतराने येणारा, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूवर एका जागी खोट आहे. गिऱ्हाईक आवाज तोंडाने काढून दाखवतं तेव्हा हसू नका, तो जसाच्या तसा जॉब कार्डवर लिहा. "स्लोवर खडखड, रेस दिल्यावर बंद" या पाच शब्दांत निम्मं निदान झालं.

बघा कसं. पोलॅरिससारखी गाडी, स्लोवर खडखड, रेस दिल्यावर बंद. स्लोवर फिरतंय काय? इंजिन आणि पुढची पुली. त्या पुलीच्या आत वजनं आहेत, त्यांच्या पिना आणि बुश आहेत, रोलर आहेत, आणि सरकत्या बशीला मार्गावर ठेवणारी छोटी बटणं आहेत. ती झिजली की बशी डुगडुगते. सिंगल सिलिंडरचं इंजिन स्लोवर ठोके देत फिरतं, प्रत्येक ठोक्याला ती डुगडुग वाजते. रेस दिली की सगळं एका बाजूला दाबलं जातं आणि आवाज गायब. बटणं आणि बुश स्वस्त असतात. पण ते बदलण्याआधीही एक गोष्ट तपासा: स्लो किती वर सेट आहे? स्लो फार खाली असेल तर चांगला क्लचही खडखडतो. मॅन्युअलमध्ये दिलेल्या आरपीएमवर आणा आणि पुन्हा ऐका.

उलट स्लो जास्त वर असेल तर? मग क्लच पूर्ण सुटतच नाही. अर्धा पकडतो, अर्धा सोडतो. उभ्या गाडीत चिर्रर्र आवाज, गिअर टाकताना कडाक्, आणि ब्रेक सोडला की गाडी आपली आपण पुढे सरकते. स्क्रू कोणीतरी फिरवलेला असतो, कारण थंडीत गाडी बंद पडत होती. सेंट्रिफ्यूगल क्लचच्या सगळ्या गाड्यांना हे लागू आहे.

आता स्लो बरोबर आहे, तरीही उभ्या गाडीत शीळ घातल्यासारखा आवाज येतोय, आणि गिअर टाकायला जड जातंय. इंजिन-ब्रेकिंग असलेल्या पोलॅरिस किंवा कॅन-ॲम पद्धतीच्या गाडीत माझं लक्ष लगेच पुढच्या पुलीच्या दोन बशांमधल्या बेअरिंगकडे जातं. त्याला वन-वे बेअरिंग म्हणतात, एकाच दिशेला मोकळं फिरणारं. सायकलच्या फ्रीव्हीलसारखं समजा. बेल्ट स्लोवर या बेअरिंगवर टेकलेला असतो. आत शाफ्ट गरागरा फिरतोय, बाहेर बेल्ट स्थिर, आणि मधला सगळा फरक हे बेअरिंग सांभाळतं. त्यातलं ग्रीस वाळलं, आत पाणी किंवा वाळू गेली, की ते आधी शीळ घालतं, मग खरखरतं, मग बेल्टला ओढायला लागतं.

हे बेअरिंग तिथे ठेवलंय कशासाठी? उतारासाठी. तुम्ही रेस सोडून उतरता, तेव्हा चाकं बेल्टला इंजिनापेक्षा जास्त वेगाने फिरवू बघतात. त्या क्षणी वन-वे अडकतं, चाकांना इंजिनाशी जोडतं, आणि इंजिन गाडीला मागे धरतं. हे नसेल तर रेस सोडल्यावर क्लच सुटतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी खाली धावते, सगळा भार ब्रेकवर. यामाहाच्या तेलातल्या क्लचमध्येही हेच काम करणारा वन-वे आहे, जागा वेगळी.

हाच तो आवाज, ज्याबद्दल मी सुरुवातीला म्हणालो.

हिमाचलमध्ये एका ठिकाणी क्वाड सांभाळणारा आपला साताऱ्याकडचा एक मुलगा आहे. ऐन मे महिन्यात त्याचा फोन आला.

"काका, एका गाडीला आवाज आहे. पण चढताना काही नाही. सपाटीला काही नाही. फक्त उतरताना कट्-कट् होतं."

"ब्रेक मारल्यावर की रेस सोडल्यावर?"

"रेस सोडल्यावर."

"त्या कट्-कट् बरोबर गाडी थोडी पळते का?"

थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "हो. हात सुटल्यासारखी. मग परत धरते."

मी म्हटलं, ती गाडी आत्ता उभी कर. तो म्हणाला, काका, सीझन आहे, सात गाड्यांतल्या दोन आधीच बंद आहेत, शेठ ऐकणार नाहीत, ते म्हणतात ब्रेक तर चांगले आहेत.

या 'ब्रेक चांगले आहेत'मध्येच खरी अडचण आहे. वन-वे पूर्ण तुटला तर माणसाला लगेच कळतं, तो पहिल्यापासून ब्रेक धरून उतरतो. पण झिजलेला वन-वे धरतो, सुटतो, पुन्हा धरतो. नवशिक्या पर्यटकाला उतारावर गाडी धरलेली जाणवते, तो निर्धास्त होतो, आणि ऐन वळणावर ती सुटते. घाबरून तो करकचून ब्रेक दाबतो, मातीत पुढची चाकं सरकतात. ब्रेक चांगले असून उपयोग काय?

त्याला मी एक तपासणी सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. सपाट जागा. इंजिन बंद. गाडी लो गिअरमध्ये टाका आणि दोघांनी पुढे ढकला. इंजिन-ब्रेकिंगची सोय असलेल्या, चांगल्या गाडीत ढकलणं जड गेलं पाहिजे, इंजिन अडवतंय हे हाताला कळलं पाहिजे. गाडी लोण्यासारखी सरकली, किंवा अडून-सुटून झटके देत गेली, तर वन-वे गेलाय किंवा बेल्ट फार ढिला आहे. दोन्ही तपासा. पण गाडी ठरल्याप्रमाणे अडली, म्हणून लगेच पाठवू नका. एक-दोनदा ढकलून मधूनच सुटणारा वन-वे सापडेलच असं नाही. दुसरी पायरी म्हणून मैदानावर पंधराच्या वेगाने जाऊन रेस सोडायची, आठ-दहा वेळा, आणि प्रत्येक वेळी ती सारखीच धरते का ते बघायचं.

त्याची गाडी ढकलताना अडली, पण मैदानात सातव्या वेळी सुटली. त्याने ते मोबाईलवर रेकॉर्ड करून शेठना ऐकवलं. गाडी सीझन संपेपर्यंत बाहेर गेली नाही. जूनमध्ये उघडली तेव्हा वन-वेचे रोलर एका बाजूने चपटे झालेले होते, फोटो पाठवला त्याने. भाग हातात मावेल एवढा.

पुढे जाऊ. गाडी निघतानाच किंचाळते, नंतर गप्प. इथे बेल्ट घसरतोय किंवा शू घसरतोय. सर्वांत साधं कारण म्हणजे पाणी. ओढा पार केला, गाडी धुतली, कव्हरमध्ये पाणी गेलं, ओला बेल्ट बशीवर घसरतो. कव्हरच्या खाली ड्रेन प्लग असतो, तो काढा, पाणी जाऊ द्या, मग न्यूट्रलमध्ये थोडी थोडी रेस देत बेल्ट वाळवा. पाणी नसेल तर मग कव्हर उघडायचं. बेल्टच्या कडा काचेसारख्या चकचकीत झाल्यात का, बशांवर काळा थर आहे का. बशा ब्रेक क्लीनरने पुसा, बेल्ट साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. आवाज बंद व्हावा म्हणून बशीवर तेल किंवा ग्रीस लावणारे महाभाग मी पाहिले आहेत. आवाज खरंच बंद होतो. गाडीही चालायची बंद होते.

गोव्यातल्या मंडळींसाठी वेगळं एक. किनाऱ्याची वाळू हवेच्या नळीतून आत जाते आणि बशा घासते. आवाज किंचाळण्याचा नसतो, बारीक खरखर असते, रेस वाढवली की तीही वाढते. नळीचं तोंड आणि त्याला फिल्टर असेल तर तो, दर आठवड्याला बघा.

आता धप-धप. गाडी हळू चालत असताना ठरावीक ठेका, वेग वाढला की ठेका जलद. बहुतेक वेळा बेल्टला एका जागी चट्टा पडलेला असतो. गाडी चिखलात अडकली, चाकं फिरेनात, आणि चालवणाऱ्याने रेस सोडली नाही. बेल्ट थांबलेला, पुढची पुली त्याच एका जागेला घासत राहिली. तेवढ्या जागी बेल्ट बारीक होतो आणि दर फेरीला तिथे बुडतो. आपल्याकडे काही ठिकाणी गाडी भिंतीला टेकवून रेस देऊन क्लच 'चेक' करतात. ती तपासणी नव्हे, बेल्ट जाळायची पद्धत आहे.

पण धप-धप टायरची किंवा ॲक्सलचीही असू शकते. वेगळं कसं करायचं? हाय-लो गिअर असलेल्या गाडीत एक छान युक्ती आहे. हळू, समजा दहाच्या वेगाने, आधी हायमध्ये चाला आणि ठेका मोजा. मग थांबून लो टाका, तोच वेग ठेवा. चाकं तेवढीच फिरतायत, पण बेल्ट आता जास्त जोरात फिरतोय, कारण हाय-लोचा गिअरबॉक्स बेल्टच्या नंतर येतो. ठेका जलद झाला तर दोष बेल्ट-पुलीकडे. ठेका तसाच राहिला तर चाकांकडे. पाना न लावता.

आणि लो गिअरवरून आठवलं. हळूहळू चढायचंय, मागे ट्रॉली आहे, दोन माणसं बसलीत, तर लो वापरा. हायमध्ये रखडत चढणं म्हणजे बेल्ट अर्धवट पकडीत ठेवणं. गाईडना हे शिकवलं तर बेल्टचा खर्च दिसण्याइतका कमी होतो.

बाहाच्या मुलांसाठी थोडं. २००७ पासून ही स्पर्धा आमच्या पीथमपूरला होत आली आहे, चार तासांची एन्ड्युरन्स असते, आणि त्यात किती गाड्या केवळ बेल्टमुळे बाहेर बसतात ते तुम्हीच पाहता. एका टीमची गाडी माझ्याकडे आणली होती. भार आला की किंचाळायची, दोन बेल्ट बदलून झाले होते. बेल्टची एकच कड उसवलेली होती. एकच कड म्हणजे दोन पुल्या एका रेषेत नाहीत. मुलं म्हणाली, आम्ही सळई लावून मोजलंय, बरोबर आहे. बरोबर होतंच, गाडी उभी असताना. इंजिनाचे माउंट पातळ पत्र्याचे होते, भार आला की इंजिन मागच्या पुलीकडे ओढलं जाऊन वाकडं व्हायचं. आम्ही मागच्या पुलीला लांब पान्याने ताण देऊन इंजिनाकडे बघितलं, डोळ्याला दिसेल इतकं हललं. पत्र्याला एक आडवी पट्टी वेल्ड केली. तुम्ही पुल्यांची रेषा आणि दोघींमधलं अंतर भाराखाली तपासा, रिपोर्टमध्ये उभ्या गाडीचा आकडा लिहून समाधान मानू नका.

तेलाकडे वळतो. तुमचा क्लच तेलात असेल, म्हणजे तिसरा किंवा चौथा प्रकार, आणि गाडी निघताना थरथरते, घुर्रर्र करते, तर शू बदलण्याआधी तेलाचा डबा बघा. डब्यावर छोट्या चौकटीत जासो एमए, एमए-टू किंवा एमबी असं लिहिलेलं असतं. एमए तेलात ओल्या क्लचला पकड मिळते. एमबी जास्त निसरडं असतं, ते स्कूटरसाठी, जिथे क्लच कोरडा असतो आणि तेलाला लागत नाही. आपल्याकडे प्रत्येक दुकानात स्कूटरचं तेल समोर ठेवलेलं असतं, मुलगा तेच आणतो. मोटारीचं इंधन वाचवणारं म्हणून विकलं जाणारं तेलही तसंच निसरडं. योग्य तेल टाकून दीड-दोनशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा ऐका. तरीही थरथर राहिली तर शू चकचकीत झालेत किंवा ड्रमवर निळे डाग पडलेत, मग उघडा. पोलॅरिस पद्धतीच्या कोरड्या क्लचला मात्र तेलाचा काही संबंध नाही, तिथे तेल बदलून आवाजाची वाट बघत बसू नका. उलट कव्हरच्या आत तेल दिसलं तर सील गेलंय, तो वेगळा आजार.

लिव्हरच्या क्लचचं थोडक्यात, कारण ते मोटारसायकलवाल्यांना माहीत आहे. न्यूट्रल, स्लो, लिव्हर सोडलेला. खडखड येते आणि लिव्हर दाबल्यावर जाते, तर क्लच हाउसिंग, हब किंवा मेन शाफ्टचं बेअरिंग या बाजूला शोधा. लिव्हर दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग.

आणि क्लच नसलेले आवाज. सायलेन्सरचा गॅस्केट इंजिनाशी लीक असेल तर टिक-टिक येते, ती हुबेहूब क्लचची वाटते. खालच्या पत्र्यात अडकलेला खडा सुटून वाजतो. वळताना कट्-कट् येत असेल तर ॲक्सलचा सीव्ही जॉइंट. कव्हरचाच एखादा बोल्ट ढिला असतो. हे सगळं दहा मिनिटांत बघून होतं, ते आधी बघा.

कव्हर उघडायचंच झालं तर एक सक्त सूचना. कव्हर काढून इंजिन चालू करून, खाली वाकून बघायचं नाही. व्हिडिओ छान येतो, मला माहीत आहे. बेल्ट तुटला तर त्याचा तुकडा चेहऱ्यावर येतो, आणि ओढणी, मफलर, सैल बाही पुलीला एका क्षणात लागते. ऐकायचं असेल तर कव्हर बंद ठेवून, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक कव्हरवर आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावा. पुढच्या पुलीसमोर एकदा, मागच्या पुलीसमोर एकदा. आवाज कुठे मोठा आहे ते स्पष्ट कळतं. आत साचलेली काळी धूळ कंप्रेसरने तोंडासमोर उडवू नका, मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसा. पुली काढायला कंपनीचाच पुलर वापरा, हातोडीने ठोकून काढलेली पुली पुन्हा कधी सरळ फिरत नाही. घट्ट करताना टॉर्क रेंच.

आधी आलेल्या प्रश्नांपैकी दोन घेतो. बेळगावहून एका ताईंनी विचारलंय की नवीन बेल्ट टाकल्यावर आवाज वाढला, बेल्ट खराब निघाला का? ताई, शक्यता कमी. बेल्टचा ताण बघा. बेल्ट फार घट्ट बसला असेल तर स्लोवर तो फिरत्या बशीला लागतो, चिरचिरतो आणि गाडी सरकते. फार ढिला असेल तर निघताना झटका आणि कव्हरला फटकारा. बऱ्याच गाड्यांत मागच्या पुलीवर ताणाचा स्क्रू किंवा पातळ वॉशर असतात, मॅन्युअलप्रमाणे जुळवा. बशांवर जुन्या बेल्टचा काळा थर तसाच ठेवून नवा टाकला असेल तर आधी तो पुसा. नवा बेल्ट पहिले काही तास जड भार न टाकता चालवा, म्हणजे तो बशीत नीट बसतो. आणि बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने, बाण नसेल तर अक्षरं बाहेरून सरळ वाचता येतील असा.

दुसरा प्रश्न बडोद्याहून. कच्छच्या रणात दोन दिवसांची सफर नेतो, आवाज वाटेत सुरू झाला तर काय करू? शीळ किंवा किंचाळी असेल तर थांबा, कव्हर हाताला सोसेल इतकं गार होऊ द्या, लोमध्ये, एकटा माणूस बसवून परत आणा. धप-धप असेल तर बेल्ट किती टिकेल याचा भरवसा नाही. तुटला तर तुकडे पुलीभोवती गुंडाळतात, ते सगळे काढल्याशिवाय नवा बसत नाही, म्हणून चिमटा आणि बॅटरी जवळ ठेवा. रेस सोडल्यावर कट्-कट् असेल तर माणूस उतरवा आणि गाडी टो करून आणा, न्यूट्रलमध्ये, मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेगाच्या आत. सोबत एक जुना पण धड बेल्ट ठेवा, आणि पुलीच्या बशा फाकवायचं जे टूल गाडीबरोबर येतं तेही. सफरीला निघण्याआधी एकदा घरी, उजेडात, तो बेल्ट स्वतः बदलून बघा आणि किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा.